रापा नुईचे मोआई : गटसहल घ्यावी की स्वतंत्र मार्गदर्शक?

रापा नुई, म्हणजे प्रशांत महासागरातील चिली देशाचे जे बेट आपण ईस्टर बेट म्हणून ओळखतो, तेथील मोआई नावाच्या पाषाणमूर्ती पाहताना मार्गदर्शक घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न आता प्रवाशाच्या हाती राहिलेला नाही. महासाथीमुळे बंद झालेले बेट ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले, तेव्हापासून राष्ट्रीय उद्यानातील बहुतेक स्थळांवर मान्यताप्राप्त स्थानिक मार्गदर्शकाशिवाय प्रवेश मिळत नाही. त्यामुळे पैसे कोणत्या प्रकारच्या सेवेवर खर्च करावेत, एवढेच ठरवायचे असते. आम्ही उभयतांनी एक दिवस गटसहल घेतली आणि उरलेल्या दिवसांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक ठरवला. छत्रपती संभाजीनगर परिसरातून जाणाऱ्या आणि वेरूळ-अजिंठा वारंवार पाहिलेल्या वाचकांना या दोन्हींतील फरक उपयोगी पडेल, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: बाकी कोठेही काटकसर करावी, परंतु रानो राराकूच्या खाणीसाठी गटसहल घेऊ नये.

या आग्रहाचे कारण तिकिटाच्या नियमात आहे. उद्यानाचे तिकीट पहिल्या वापरापासून दहा दिवस चालते आणि बहुतेक स्थळे त्या काळात पुन्हा पाहता येतात; मात्र रानो राराकू ही मूर्तींची खाण आणि ओरोंगो हे ज्वालामुखीच्या कड्यावरील दगडी घरांचे गाव, या दोन ठिकाणी एका तिकिटावर एकदाच आत सोडतात. परदेशी प्रवाशांना चिलीच्या नागरिकांपेक्षा कितीतरी अधिक दर पडतो. वेरूळला हीच पद्धत आपल्या फायद्याची असते, त्यामुळे तक्रार करण्यास आपल्याला फारशी जागा नाही. उद्यानाचा कारभार २०१७ पासून माउ हेनुआ ही रापा नुई लोकांची स्वतःची संस्था पाहते आणि तिकिटाचा पैसा तिच्याकडे जातो, हे समजल्यावर तो दर मला तरी खुपला नाही.

गटसहलीविषयी आधी लिहितो. ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव घेत नाही, कारण तेथील गटसहली साधारण याच साच्याच्या असतात, असे आमच्या यजमानांनीही सांगितले. गाडी वेळेवर आली, डब्यातले जेवण बरे होते, चालक सभ्य होता. अडचण होती ती भाषेची आणि घाईची. गटात स्पॅनिश आणि इंग्रजी समजणारे प्रवासी मिसळलेले असल्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली जात होती. आधी स्पॅनिशमध्ये सविस्तर आणि मग इंग्रजीत आटोपशीर. त्यामुळे जागेवर मिळणारा निम्मा वेळ न समजणारे ऐकण्यात जात होता आणि प्रश्न विचारावा, तर गट पुढे सरकलेला असे. दक्षिण किनाऱ्यावरील आहू, म्हणजे मूर्तींचे दगडी चौथरे, पाहण्यासाठी एवढे पुरेसे आहे. तेथील बहुतेक मोआई पालथे पडलेले आहेत आणि ते दोरीच्या अलीकडूनच पाहायचे असतात. सुदैवाने आमच्या गटसहलीत खाण नव्हती. ती असलेली सहल स्वस्त पडत असूनही आम्ही मुद्दाम टाळली होती.

स्वतंत्र मार्गदर्शक आम्हाला अतिथिगृहाच्या मालकीणबाईंनी मिळवून दिला. तो त्यांच्या नात्यातला, मध्यमवयीन, शांत स्वभावाचा गृहस्थ होता. आपल्याकडे लेण्यांच्या दारात काही वेळा जी तोंडपाठ माहिती ऐकायला मिळते, तिचा त्याच्या बोलण्यात मागमूस नव्हता. परग्रहावरच्या पाहुण्यांनी मूर्ती उभारल्या काय, असे दुसऱ्या एका प्रवाशाने वाटेत विचारले, तेव्हा त्याने केवळ खाणीच्या दिशेने हात केला आणि तेथे गेल्यावर स्वतः पाहून ठरवा, असे सांगितले.

रानो राराकू हा बेटाच्या पूर्व भागातील एक विझलेला ज्वालामुखी असून त्याचा डोंगर घट्ट बसलेल्या ज्वालामुखीय राखेच्या दगडाचा आहे. बेटावर सुमारे ९०० मोआई नोंदले गेले आहेत आणि त्यांतील बहुतांश याच एका डोंगरातून कोरून काढलेले आहेत. जवळपास ४०० मूर्ती आजही खाणीच्या परिसरातच आहेत: काही कड्याला चिकटलेल्या, काही उतारावर गळ्यापर्यंत मातीत गेलेल्या, काही वाटेत आडव्या पडलेल्या. हे काम मुख्यतः तेराव्या ते सोळाव्या शतकांदरम्यान झाले असे मानतात, म्हणजे देवगिरीच्या यादवांपासून निजामशाहीपर्यंतचा आपला काळ. लोखंड त्या बेटावर नव्हते. अधिक कठीण बसाल्टचे, हातात धरण्याजोगे छिन्नीवजा दगड घेऊन तेथल्या पाथरवटांनी हा तुलनेने मऊ दगड ठोकून ठोकून झिजवला. असे वापरून टाकलेले दगड खाणीत मोठ्या संख्येने सापडले आहेत.

मार्गदर्शकाने आम्हाला प्रसिद्ध उभ्या मस्तकांकडे न नेता आधी अपूर्ण मूर्तींकडे नेले, आणि या सेवेचे सगळे मोल माझ्या मते या क्रमात होते. मोआई कड्यातच उताणा कोरला जाई. आधी चेहरा, नाक, हात, पोट असा पुढचा भाग जवळजवळ पूर्ण होई, मग दोन्ही बाजूंनी चर खोदून मूर्ती मोकळी करत आणत, आणि शेवटी पाठीच्या मध्यावर दगडाची एक अरुंद पट्टी तेवढी डोंगराशी जोडलेली राही. ती तोडली की मूर्ती दोरांच्या आधाराने उतारावरून खाली आणायची, पायथ्याशी खणलेल्या खड्ड्यात उभी करायची आणि तेथे तिची पाठ घडवायची. या प्रत्येक टप्प्यावर थांबलेली मूर्ती तेथे समोर दिसते. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे अपूर्ण लेणे ज्याने लक्ष देऊन पाहिले आहे, त्याला ही मांडणी लगेच उमगेल. तेथेही अर्धवट सुटलेले खांब आणि छत पाहूनच लेणे कसे कोरत हे कळते, आणि बहुतेक पर्यटक नेमके तेच लेणे चुकवून पुढे जातात. वेरूळच्या कैलासात कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरत नेला आणि मंदिर जागच्या जागी राहिले. रानो राराकूच्या पाथरवटांची अडचण वेगळी होती, कारण त्यांची मूर्ती पूर्ण झाल्यावर कित्येक किलोमीटर दूर न्यायची असे आणि कोरतानाच त्या प्रवासाचा विचार करावा लागे.

सर्वांत मोठा अपूर्ण मोआई सुमारे २१ मीटर लांबीचा आहे. तो सहज नजरेत भरत नाही, कारण डोंगर कोठे संपतो आणि मूर्ती कोठे सुरू होते हे कळायला थोडा वेळ एका जागी उभे राहावे लागते. गटसहलीतील मंडळी आमच्यासमोर तेथून छायाचित्र काढून निघून गेली. त्यांना नाक कोणते हे दाखवायला कोणी थांबलेही नाही. त्याउलट, साधारण मोआई चार मीटर उंचीचा असतो. छायाचित्रांत जी केवळ मस्तके दिसतात, त्यांना खाली पूर्ण धड आहे. उतारावरून वाहून आलेल्या मातीने आणि खाणीच्या खपल्यांनी ते झाकले गेले. पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले तेव्हा मातीखालच्या पाठींवर कोरीव चिन्हे चांगल्या स्थितीत मिळाली, कारण उघड्यावर वारा आणि पाऊस या दगडाला फार वेगाने खातात. ऑक्टोबर २०२२ मध्ये या भागात वणवा लागला आणि अनेक मूर्तींना त्याची झळ बसली. ठरलेली पायवाट सोडू न देण्याबाबत रखवालदार इतके कडक का आहेत, हे त्यावरून समजून घ्यावे. मूर्तीला अथवा आहूला हात लावणे सक्त मनाई आहे, आणि ही मनाई स्थानिकांच्या दृष्टीने केवळ कायद्याची नाही. मोआई हे त्यांचे पूर्वज आहेत. आपल्या गावांच्या वेशीवरील वीरगळांवर बूट ठेवून बसणारे पर्यटक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कडक शिस्त हवीहवीशी वाटेल.

मूर्ती नेल्या कशा, यावर आमच्या मार्गदर्शकाचे उत्तर ठाम होते: त्या चालत गेल्या. बेटावरची परंपरागत कथा हेच सांगते. २०१२ मध्ये टेरी हंट आणि कार्ल लिपो या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सव्वाचार टनांहून थोडी अधिक वजनाची प्रतिकृती १८ माणसांनी तीन दोरांच्या साहाय्याने उभ्या स्थितीत डोलवत पुढे नेली. धान्याने भरलेले पिंप आपण कधी एका कडेवर, कधी दुसऱ्या कडेवर तोलत सरकवतो, तसेच काहीसे ते होते. आडव्या मूर्ती लाकडी गाड्यांवरून ओढल्या असाव्यात, असे मानणारे अभ्यासकही आहेत आणि वाद मिटलेला नाही. पाटबंधारे खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला अर्थातच वजन, उतार आणि मजूर यांचा हिशेब अधिक भावतो, आणि वाटेत पडलेल्या मूर्तींचा तळ पुढे झुकलेला का आहे, याचे उत्तर मला चालण्याच्या सिद्धान्तात अधिक पटले. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे मात्र असे की, पूर्वज स्वतः चालत घरी आले या कथेत हिशेब घालण्याची गरजच नाही.

खाणीच्या उतारावरून खाली समुद्रकाठी आहू तोंगारिकी दिसतो. तेथे १५ मोआई एका रांगेत उभे आहेत आणि बेटाचे सर्वाधिक छापले गेलेले छायाचित्र याच ठिकाणचे असावे. पण ही रांग जुनी नाही, हे गटसहलीत आम्हाला ओझरतेच सांगण्यात आले होते. चौथऱ्यांवर उभे असलेले सर्व मोआई अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाडले गेले किंवा पडले. त्यानंतर मे १९६० मध्ये चिलीत झालेल्या प्रचंड भूकंपाची त्सुनामी येथे आदळली आणि तिने तोंगारिकीच्या पडलेल्या मूर्ती चौथऱ्याच्या दगडांसकट आतल्या बाजूला वाहून नेल्या. १९९० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ क्लाउदिओ क्रिस्तिनो यांच्या देखरेखीखाली, जपानच्या तादानो कंपनीने दिलेल्या क्रेनच्या मदतीने त्या पुन्हा उभ्या केल्या गेल्या. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात सूर्य या रांगेच्या मागून उगवतो, म्हणून पहाटे गर्दी होते. आम्ही दुपारनंतर गेलो, प्रकाश चेहऱ्यांवर होता आणि माणसे तुरळक होती. चेहरे पाहायचे असतील तर हीच वेळ योग्य.

बाकी स्थळांविषयी थोडक्यात लिहितो. आहू आकिवी येथील सात मूर्ती समुद्राकडे तोंड करून आहेत असे सांगितले जाते. खरे तर त्या किनाऱ्यापासून आत असून इतर मूर्तींप्रमाणेच वस्तीच्या जागेकडे पाहतात आणि समुद्र त्या वस्तीपलीकडे येतो. अनाकेना हा पांढऱ्या प्रवाळी वाळूचा किनारा आहे आणि तेथील आहू नाउ नाउच्या मूर्ती वाळूत गाडल्या गेल्यामुळे त्यांचे कान, बोटे, पाठीवरचे कोरीवकाम आजही स्पष्ट आहे. डोक्यांवरचे लाल दगडाचे मुकुटवजा पुकाओ पुना पाउ नावाच्या वेगळ्या खाणीतून आणलेले आहेत. १९७८ मध्ये याच अनाकेनाला मोआईचा प्रवाळाचा डोळा सापडला, तो हांगा रोआ गावातील लहानशा संग्रहालयात ठेवला आहे. त्यापूर्वी या मूर्तींना डोळे बसवत असत, याची कोणालाच खात्री नव्हती. गावालगतचे ताहाई पायी जाऊन आपले आपण पाहता येते. सूर्यास्ताला तेथे अर्धे गाव जमते, लहान मुले खेळत असतात आणि मार्गदर्शकाचे पैसे वाचतात.

ओरोंगोला मात्र मार्गदर्शक हवाच. रानो काउ या सुमारे दीड किलोमीटर रुंदीच्या विवराच्या कडेवर बुटकी, गवत उगवलेल्या छपरांची दगडी घरे आहेत. एका बाजूला विवरातील तळे आणि दुसऱ्या बाजूला सरळ समुद्रात उतरणारा कडा. मोआईंचा काळ ओसरल्यावर येथे पक्षीमानवाची परंपरा रुजली. निरनिराळ्या कुळांचे तरुण कडा उतरून मोतू नुई या बेटुकल्यापर्यंत पोहत जात आणि समुद्रपक्ष्याचे हंगामातील पहिले अंडे घेऊन परतणाऱ्याला ज्याने पाठवले असे, त्याला वर्षभराचा मान मिळे. याच ओरोंगोतून १८६८ मध्ये एका ब्रिटिश युद्धनौकेने होआ हाकानानाइआ हा बसाल्टचा मोआई उचलून नेला; तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये असून २०१८ मध्ये रापा नुईचे शिष्टमंडळ त्याची मागणी करण्यासाठी लंडनला जाऊन आले. हे सांगताना मार्गदर्शकाचा स्वर चढला नाही. त्याने पुढे आकडे सांगितले: १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी शेकडो माणसे पकडून नेली, जे थोडे परतले त्यांच्यासोबत देवीची साथ आली, आणि १८७७ मध्ये बेटावर अवघी १११ माणसे उरली. १८८८ मध्ये चिलीने बेट आपल्यात जोडून घेतल्यानंतर ते एका कंपनीला मेंढ्या पाळण्यासाठी देण्यात आले आणि १९५३ पर्यंत मूळ रहिवाशांना हांगा रोआ गावाच्या कुंपणाबाहेर मोकळेपणी फिरताही येत नव्हते. ज्या गावात आपण उतरतो, जेवतो, तेच हे गाव. गटसहलीत यातले काहीही आले नव्हते.

मराठवाड्यातील वाचकाला सहसा कोणी दाखवणार नाही, पण त्याने अवश्य मागून घ्यावी अशी एक गोष्ट म्हणजे तेथील जुनी शेती. बेटावर पाऊस आपल्याकडच्यापेक्षा बराच जास्त पडतो, तरी बारमाही नदी-ओढा नाही, कारण सच्छिद्र ज्वालामुखीय जमिनीत पाणी पटकन मुरते आणि खारा वारा उरलेला ओलावा उडवून नेतो. जुन्या रहिवाशांनी यावर दोन उपाय केले. एक म्हणजे मानावाई, अर्थात गोलाकार दगडी भिंतींच्या आत केलेली बाग, जिथे वारा अडतो आणि केळी, तारो (अळूचा कंद) यांसारखी पिके तग धरतात; आणि दुसरा म्हणजे रताळ्याच्या रानात जमिनीवर दगड अंथरणे, ज्यामुळे ओल टिकते आणि दगडातील खनिजे हळूहळू मातीत उतरतात. शेतातले दगड वेचून बांधावर टाकण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना मुद्दाम दगड पसरलेले रान पाहून प्रथम विचित्र वाटते. मार्गदर्शकाला आमची उत्सुकता दिसली तशी त्याने ठरलेला एक थांबा वगळून आम्हाला अशा दोन जागा दाखवल्या आणि वरचे पैसे मागितले नाहीत.

मुक्काम आणि जेवण याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. विमानतळावर फुलांची माळ घालून स्वागत झाले, खोली साधी आणि स्वच्छ होती, इंटरनेट मंद होते. बहुतेक वस्तू मुख्य भूमीवरून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर कापून जहाजाने किंवा विमानाने येतात, त्यामुळे टोमॅटोपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सर्व काही महाग आहे. मत्स्याहारी माणसाची चंगळ होते. शाकाहारी मंडळींनी रताळे, केळी, अननस, भात, चीज भरलेले एम्पानादा आणि केळ्याची पोए (केकसारखा गोड पदार्थ) यांवर दिवस काढण्याची तयारी ठेवावी. आम्ही येसर आणि चटणी सोबत नेली होती. चिलीत उतरताना कोणतेही खाद्यपदार्थ नेत असल्याचे अर्जात लिहून द्यावे लागते आणि बियाणे, फळे, कच्चे धान्य यांबाबत तपासणी कडक असते, तेव्हा सामान आवरतानाच विचार करावा.

प्रवास लांबचा आहे, हे वेगळे सांगायला नको. मुंबईहून सांतियागोपर्यंत थेट विमान नाही आणि सांतियागोहून पुढे समुद्रावरून आणखी पाच-साडेपाच तास लागतात. बेटासाठी स्वतंत्र प्रवेश-अर्ज भरावा लागतो, परतीचे तिकीट आणि नोंदणीकृत निवासाचे आरक्षण दाखवावे लागते, आणि एका वेळी ३० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. व्हिसा आणि ही कागदपत्रे हाती आल्याशिवाय बेटावरील सेवेचे पैसे भरू नयेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना खाणीतील चढ जड जाईल, पण तोंगारिकी, अनाकेना आणि ताहाई त्यांना विनासायास पाहता येतील. वारा सतत असतो आणि सावली जवळजवळ नसते, म्हणून बांधता येणारी टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे न्यावेत.

सेवेचे मूल्यमापन करायचे तर गटसहलीला मी पाचपैकी अडीच देईन आणि स्वतंत्र मार्गदर्शकाला साडेचार; अर्धा गुण कापला तो केवळ दरामुळे, कारण दोघांच्या प्रवासात तो खर्च सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक ठरला. चौघांनी मिळून गेल्यास तोच दर माणशी गटसहलीच्या जवळपास येतो. अतिथिगृहाला आधी पत्र लिहून मार्गदर्शक इंग्रजीत बोलणारा हवा, रानो राराकूसाठी पूर्ण सकाळ राखून ठेवावी आणि त्या दिवशी दुसरे कोणतेही तिकिटाचे स्थळ जोडू नये, या तीन अटी स्पष्ट कळवाव्यात आणि होकार आल्यावरच आरक्षण पक्के करावे.